फौजदारणीची गाय

गल्लीत सगळे तिला फौजदारीण म्हणायचे आणि ते तिला ठाऊक होतं. तोंडावर म्हणायची हिंमत मात्र एकट्या नवऱ्याची, तीही तिच्या हातात काही जड नसताना. नाव काही उगाच पडलेलं नव्हतं. पेंडीचं पोतं आलं की ती आधी त्याची शिवण बघायची, मग वजन करायची, आणि मग आणून देणाऱ्याच्या तोंडाकडे एकटक बघत राहायची, इतकी की तो बिचारा नसलेल्या गुन्ह्याची कबुली देईल. कोंबडी ओरडली की ही खुराड्याशी हजर, मधे कुणी हात मारायला नको. माणूस उशिरा आला तर कुठे होता, आणि वेळेवर आला तर आज एवढा वेळेवर कसा काय!

दोन तुकडे जमीन, चौदा मेंढ्या, त्यांची या सालची एकोणीस कोकरं, एक खुराडं आणि एक गाय, एवढाच तिचा मुलूख. गाईचं नाव ठिपकी. हिची आई व्यायल्यावर दुसऱ्याच दिवशी गेली, तेव्हा फौजदारणीने तिला बाटलीवर वाढवली होती. स्वयंपाकघरात चुलीच्या उबेला गोणपाटावर झोपायची ती, आणि पायात यायची म्हणून रोज शिव्या खायची. आता तिच्याच दुधावर घर चालत होतं. ज्या कोकरांच्या आया त्यांना जवळ घेत नव्हत्या, ती तीन कोकरंही ठिपकीच्याच दुधाच्या बाटल्या चोखून टुणटुणीत झाली होती.

पण दूध आटत चाललं होतं. गाय व्यायली नाही तर दूध येणार कुठून? गाभण राहावी म्हणून दोनदा भरवून झाली आणि दोन्ही वेळा उलटली, म्हणजे एकवीस दिवसांनी पुन्हा माजावर आली. दुसऱ्यांदा भरवली तेव्हाच नवरा जेवता जेवता म्हणाला होता, "हे बघ, कोकरं न्यायला व्यापाऱ्याची गाडी येईपर्यंत गाभण राहिली तर ठीक. नाहीतर कोकरांबरोबर हीपण जाईल. भाकड गाईला हिवाळाभर घालायला आपल्याकडे वैरणीची गंजी आहे कुठे?"

बोलणं खरं होतं. गंजी तिनेच मोजली होती. खरं होतं म्हणूनच तिच्या जास्त जिव्हारी लागलं. त्या रात्री तिला घास गेला नाही. ठिपकी गाडीत चढते आहे आणि मागे वळून आपल्याकडे बघते आहे, हे तिला नुसतं ताट बघूनच दिसायला लागलं.

सगळा दोष तिने टाकीवाल्यावर ठेवला. हा माणूस मोटरसायकलच्या मागे थंड वाफांची टाकी बांधून गावोगाव गाई भरवत फिरायचा, आणि फोन उचलायचा नाही म्हणून त्याला जाऊनच आणावं लागायचं. नवऱ्याचा लहानपणापासूनचा दोस्त, म्हणजे तिच्या लेखी अर्धा गुन्हा इथेच सिद्ध. टाकीतून बैलाच्या वीर्याची बारीक नळी काढायची, कोमट पाण्यात धरायची, पुसायची आणि पुढचं काम करायचं. हे सगळं तो तिच्याकडे पाठ करून करायचा.

"पाठ का करता?" तिने एकदा विचारलंच.

"वहिनी, वारा लागू नये म्हणून."

"नळीत आहे ना काही? का रिकामीच?"

"आत काय बैल बसलेला दिसणार आहे का वहिनी?" तो हसून म्हणाला. नवराही हसला. ती हसली नाही. भरलेल्या नळ्या हा दुसरीकडे खपवत असणार आणि दोस्ताच्या घरी रिकाम्या, हे तिने तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

त्याची आणखी एक सवय तिच्या डोक्यात जायची. तो म्हणायचा, "गाय सकाळी ओरडायला लागली तर मी संध्याकाळी येतो. संध्याकाळी ओरडली तर दुसऱ्या दिवशी सकाळी." म्हणजे काय? घराला आग लागल्याचं सकाळी कळवलं की बंब संध्याकाळी येणार! शुद्ध आळशीपणा, दुसरं काही नाही. दोन्ही वेळा ठिपकी पहाटे हंबरली होती आणि दोन्ही वेळा तिने नवऱ्याला चहासुद्धा न देता पिटाळलं होतं, "जा, अंथरुणातून उठवून आणा." टाकीवाला डोळे चोळत आला, "वहिनी, फार लवकर होतंय हो," असं पुटपुटला, आणि हिने डोळे वटारल्यावर गप्प कामाला लागला.

स्वयंपाकघराच्या दाराला पेंडीच्या दुकानाचं कॅलेंडर होतं. गाय माजावर आली की ती त्यावर लाल गोल करायची, भरवली की गोलावर फुली मारायची. नवरा या कॅलेंडरला फार मानायचा. स्वतःच्या वाढदिवसाची तारीखसुद्धा तो बायकोला विचारूनच सांगायचा.

दुसऱ्यांदा उलटली तेव्हा नवरा घरी नव्हता. लोकर कातरायचे दिवस, तो कात्री घेऊन तीन दिवस लांबच्या कळपांवर गेला होता. ठिपकी पहाटेच हंबरायला लागली. फौजदारीण अंगणात उभी राहून विचार करत होती. टाकीवाल्याला बोलवायचं म्हणजे तिसरी रिकामी नळी, आणि मग थेट गाडी. कुंपणापलीकडे थोरल्या दिरांचा वळू रवंथ करत बसला होता. चांगला धिप्पाड, आणि त्याच्यापासून झालेली वासरं तिने डोळ्यांनी बघितलेली.

अडचण एकच होती. दोघे भाऊ चार वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. पाण्याच्या चरावरून झालं होतं, आणि एवढं झालं होतं की नवरा आपल्या सख्ख्या भावाला 'शेजारचे' म्हणायचा. शेजारच्यांच्या वळूचं वासरू तो दारात उभं करून घेणं शक्य नव्हतं.

बायकांचं मात्र बोलणं होतं. कुंपणाला एक भोक होतं, त्यातून विरजणापासून बातम्यांपर्यंत सगळं जायचं-यायचं. त्या दिवशी थोरले दीर दाढ काढायला शहरात गेले होते.

"आण की मग!" जाऊबाई म्हणाल्या. "ते आले तरी सुजलेल्या गालाने काय बोलणार आहेत?"

सकाळी काही जमलं नाही. ठिपकी वळूला जवळच येऊ देईना, नुसती गोल गोल पळत राहिली. वळूने दोनदा हुंगलं आणि तो सरळ वैरणीकडे गेला.

"राहू दे संध्याकाळपर्यंत," जाऊबाई म्हणाल्या. "तिला तिची वेळ कळते."

संध्याकाळी ठिपकी अशी शांत उभी राहिली की काम क्षणात झालं. हा वळूही टाकीवाल्याच्याच वळणाचा दिसतोय, फौजदारणीच्या मनात आलं, दिवस कलल्याशिवाय हालत नाही. यापलीकडे तिने डोकं चालवलं नाही. संशय घेण्यात इतकं डोकं खर्च व्हायचं की बाकी कशाला उरायचंच नाही.

नवरा आला. कॅलेंडरवर लाल गोल होता, फुली नव्हती.

"उलटली?"

"उलटली. टाकीवाल्याकडे कुणाला पाठवू? मी एकटी. हा माज वाया गेला."

"बरं," तो म्हणाला, आणि पाय धुवायला गेला. एवढंच. उलटतपासणी नाही, काही नाही. तीच थोडी चकित झाली. ती असती तर तिने निदान सात प्रश्न विचारले असते.

तिचा बेत पक्का होता. एकवीस दिवस जाऊ द्यायचे. उलटली नाही तर आणखी थांबायचं. साठ दिवस भरले की शहरातल्या डॉक्टरीणबाईंना आणायचं, हात घालून खात्री करायची, आणि मग नवऱ्यापुढे उभं राहून सगळं सांगायचं. गाभण गाय समोर असल्यावर तो काय करील? चार दिवस फुगून बसेल. बसू दे. गाडी साठ दिवसांनंतरच यायची होती. सगळं बसत होतं.

एकवीस दिवस गेले. ठिपकीने हूं की चूं केलं नाही. फौजदारीण दूध काढता काढता तिच्या पोटाला गाल टेकून बसली आणि तिला इतका आनंद झाला की भरली बादली तिने पायानेच लवंडली. पस्तीस गेले, चाळीस गेले. गाय शांत.

अस्वस्थ होता तो नवरा. "माजावर येत का नाहीये गं ही?" तो दोन-तीनदा म्हणाला. ती मूग गिळून गप्प. मग तो विचारेनासा झाला, आणि तिच्या मनात पाल चुकचुकली. एक दिवस ती मेंढ्या आत घेऊन येत होती, तर फाटकाशी नवरा आणि टाकीवाला डोक्याला डोकं लावून उभे. ही दिसताच दोघेही आकाशाकडे बघायला लागले. ढग नव्हता की पक्षी नव्हता! दुसऱ्या दिवशी टाकीवाला पुन्हा येऊन गोठ्यात डोकावून गेला. तिसऱ्या दिवशी नवरा विनाकारण गोड बोलला.

कुठेतरी पाणी मुरतंय. तिने हिशोब मांडला: गाडीची वाट न बघता गाय आधीच विकायचं चाललंय. टाकीवाल्याने गिऱ्हाईक आणलं असणार. मी घरात नसताना दावं सोडणार आणि मला रिकामी दावण दाखवणार.

तेव्हाच तिने तोंड उघडलं असतं तर! पण नाही. अठ्ठेचाळीस दिवस धीर धरलेली बाई, बारा दिवसांसाठी कशाला हरेल?

एकोणपन्नासाव्या दिवशी कोकरं तोडायची होती. म्हणजे आयांपासून वेगळी करायची, दूध बंद. आयांचा आवाज ऐकू येईल इतक्या जवळ ठेवली तर कोकरं चरत नाहीत, नुसती ओरडत उभी राहतात, म्हणून त्यांना टेकडीपलीकडच्या कुरणात न्यावं लागायचं आणि दिवसभर तिथे कुणीतरी बसावं लागायचं. दर वर्षी तीच बसायची. या वर्षी नवराच म्हणाला, "तू निवांत जा. घरचं मी बघतो."

निवांत! तो शब्द ऐकूनच तिचे कान टवकारले. जाण्याआधी ती कुंपणाच्या भोकाशी गेली.

"जाऊबाई, आमच्या दारात गाडी आली तर मला लगेच फोन करा. गाय न्यायची गाडी. छोटी, मोठी, कसलीही."

"करते. पण झालंय काय?"

"मग सांगते."

दिवसभर ती एकोणीस कोकरांच्या मधे बसून होती. बाटलीवरची तिन्ही कोकरं तिचा पदर चोखत होती, बाकीची घसा फुटेस्तोवर ओरडत होती. दर थोड्या वेळाने ती फोन बघायची. फोन काही वाजला नाही. दुपारनंतर तिने स्वतःच लावला.

"काही नाही गं," जाऊबाई म्हणाल्या. "गाडी नाही, काही नाही. तो तुमचा टाकीवाला तेवढा मोटरसायकलवर येऊन गेला. पाच मिनिटं होता."

"गाय आहे ना?"

"आहे की. वैरण खातेय."

तिचा जीव भांड्यात पडला. मोटरसायकलवर काही गाय नेता येत नाही.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा नवऱ्याने चहा टाकला होता. चुलीपाशी उभा राहून तो एवढा खूश दिसत होता की तिने आधी कपात वाकून बघितलं.

"काय आहे?"

"बस तर. तुला सांगितलं नाही, कारण तू त्याला गोठ्यात पाऊल टाकू दिलं नसतंस," तो म्हणाला. "पण ठिपकीसाठी एक शेवटचा उपाय करू म्हटलं. माजावरच येत नाही तर भरवणार कशी? तर आज त्याच्याकडून इंजेक्शन दिलं. तीन दिवसांत येते बघ माजावर. आणि या वेळी त्याला संध्याकाळीच बोलवायचं हं. तो म्हणतो, आपण दोन्ही वेळा फार घाई केली, म्हणून राहिली नाही."

तिने कप खाली ठेवला.

"कसलं इंजेक्शन?"

"माजावर आणायचं. तयारच असतं त्यांच्याकडे."

"आणि गाभण गाईला दिलं तर?"

"तर पाडतं," नवरा म्हणाला. "म्हणून तर तो दोनदा विचारत होता, मधे कुठे वळू दाखवला नाही ना, हात घालून बघू का. मी म्हटलं, कशाला? घरात फौजदारीण आहे. नेऊन कॅलेंडर दाखवलं त्याला. गोल आहे, फुली नाही, म्हणजे नाही. ती लिहिते म्हणजे तसंच असतं."

ती उठून गोठ्यात गेली. ठिपकी खात होती. मानेवर एवढासा ठिपका, वाळलेल्या रक्ताचा.

तिथे उभं राहून फौजदारणीने देवाकडे जे मागितलं ते आयुष्यात कधी मागितलं नव्हतं. टाकीवाला लबाड निघू दे, ती म्हणाली. मी म्हणत होते तसाच चोर निघू दे. भरलेली औषधं दुसरीकडे खपवत असू दे आणि आमच्या गाईला त्याने साधं पाणी टोचलेलं असू दे. एवढंच कर, मी त्याच्याबद्दल पुन्हा ब्र काढणार नाही.

पहिला दिवस गेला. काही झालं नाही. दुसरा गेला. ती तासातासाला गोठ्यात जात होती, शेपटी उचलून बघत होती, आणि प्रत्येक वेळी तिला वाटत होतं, बघा, मी सांगत होते ना, लबाडच आहे तो. इतक्या आशेने तिने कुणाला लबाड म्हटलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी पहाटे ठिपकी हंबरली.

टाकीवाला प्रामाणिक माणूस होता.

ती गोठ्यात गेली. ठिपकीच्या मागच्या पायांशी, भुश्शात, मुठीत मावेल एवढी एक पातळ ओली पिशवी पडली होती. तिने ती उचलली आणि पदरात घेतली. रडायला तिला एरवी आवडायचं नाही, पण आता ती गाईच्या पायाशी बसून मोठ्याने रडली.

नवरा धावत आला, अर्धा सदरा घालत. "आली ना? आली! जाऊन सांगतो त्याला, संध्याकाळी..." आणि मग त्याने तिचा पदर बघितला. चाळीस वर्षं मेंढ्यांत काढलेला माणूस. त्याला सांगावं लागलं नाही काय आहे ते.

"कुणाचं?" त्याने विचारलं.

"शेजारच्यांच्या वळूचं. तुम्ही कातरायला गेला होतात तेव्हा."

तो पालथ्या बादलीवर बसला. ठिपकी दोघांच्या मधे उभी राहून हंबरत होती.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही नाही म्हणाला असतात."

"म्हणालो असतो," तो म्हणाला. "आरडाओरडा केला असता. पण गाभण राहिल्यावर काय तिला हाकलणार होतो मी?"

"गाडीने पाठवणार होतात ना!"

"गाडीवाल्याला महिन्यापूर्वीच सांगितलंय, फक्त कोकरं न्यायची म्हणून. वैरणीचं बघतो म्हटलं कसंतरी. तू रोज तिच्याशी बोलत बसायचीस, ते बघवेना मला."

"मग हे मला का नाही सांगितलंत?"

"सांगणारच होतो. म्हटलं आधी राहू दे गाभण, मग दोन्ही एकदम सांगू." त्याने नाक पुसलं. "चांगलं वाटेल तुला."

तिला त्याचा हात धरायचा होता, पण हात ओले होते.

टाकीवाल्याने तो माज सोडायला सांगितला. गाईला विश्रांती द्या, पुढच्या वेळी बघू. काय झालं ते नवऱ्याने त्याला सांगितलं असणार, कारण तो तिच्याकडे न बघताच बोलत होता, आणि त्याच्या आवाजात राग नव्हता, हे तिला जास्त लागलं. "चुकलं वहिनी माझं," तो जाता जाता म्हणाला. "हात घालूनच बघायला हवं होतं."

गाडी आली. सोळा कोकरं गेली, बाटलीवरची तीन लहान म्हणून राहिली. ठिपकी दावणीलाच होती. नवरा घरात पूर्वीसारखाच वागत होता, जेवत होता, हसत होता, मेंढ्यांची खुरं कापत होता. फौजदारीण हा शब्द मात्र त्याच्या तोंडून पुन्हा आला नाही.

एकवीस दिवस भरले. पहाटे ठिपकी हंबरली तेव्हा ती आधीच उठलेली होती. तिने गोठ्यात जाऊन नीट बघितलं, कॅलेंडरवर लाल गोल केला आणि नवऱ्याला हाक मारली.

"अहो, आली माजावर. आत्ताच सुरू झालंय. त्यांना संध्याकाळी या म्हणून सांगा."

"बरं," तो म्हणाला. चपला घातल्या. मोटरसायकलची किल्ली खुंटीवरून घेतली.

ती खिडकीत उभी होती. नवरा अंगण ओलांडून फाटकापर्यंत गेला, तिथे थांबला, आणि मागे फिरून गोठ्यात शिरला. वाकून त्याने स्वतः ठिपकीची शेपटी उचलली आणि नीट बघितलं. मग हात पुसून तो टाकीवाल्याकडे गेला.